निळ्या ड्रमाचा चुकलेला रविवार

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना निळा ड्रम आहे, आणि कचरा पोटात घेऊनही ताठ मानेने उभा आहे. कारखान्यात जन्मलो, काही वर्षं साबणाचं पाणी सांभाळलं. मग गावच्या कार्यालयाने माझ्या अंगाला भोकं पाडली आणि मला गावाबाहेरच्या एका अंगणात आणून ठेवलं.

नियम सोपा होता. कचरागाडी गावातच फिरणार. लांबच्या घरांनी भाजीची देठं, फळांची सालं, उरलंसुरलं आपल्याच अंगणात ड्रममध्ये घालून त्याचं खत करायचं. ड्रमला वास सुटला तर ड्रम परत, आणि घरच्यांनी रोज बादली उचलून गावच्या खड्ड्यापर्यंत चालत जायचं. आमच्या काकूंचा गुडघा अधू. त्यांची सगळी भिस्त माझ्यावर होती.

पण काकूंना स्वच्छतेचं भारी वेड. दर रविवारी त्या आतला कच्चा कचरा कुंपणाशी ओतत, मला फिनेलने घासत आणि उन्हात पालथा घालत. मी लख्ख चमकायचो. येणारेजाणारे म्हणायचे, "ड्रम असावा तर असा!" मीही फुशारून जायचो. पण कचऱ्याचं खत करणारे बारीक जीव त्या फिनेलने मरून जात. नवा कचरा नुसताच सडायचा आणि घाण सुटायची.

शेजारणीने तक्रार केली. कार्यालयाचे निरीक्षक नाकाला रुमाल लावूनच आले. "काकू, दोन महिन्यांनी पुन्हा येतो. तेव्हाही असंच असेल तर ड्रम उचलावा लागेल."

"अजून किती घासू हो याला?" काकू रडकुंडीला आल्या.

त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी त्यांना जावं लागलं. "रविवार चुकवू नका," असं त्यांनी काकांना चारचारदा बजावलं.

काका म्हणजे आळसाचा पुतळा. त्यांनी फिनेलच्या बाटलीला हातही लावला नाही. अंगणातला पालापाचोळा लांब टाकायचा कंटाळा, म्हणून तोही माझ्याच पोटात. ओल्यावर कोरडं, कोरड्यावर ओलं. जागा उरली नाही की काठीने ढोसायचं. मी मळलो, पण आतून छान ऊबदार झालो. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझं काम करू दिलं होतं.

दोन महिन्यांनी काकू परतल्या आणि मला बघून कडाडल्या, "अहो, एवढं एक काम सांगितलं होतं!" तेवढ्यात निरीक्षक दारात. काकूंचा चेहरा उतरला.

निरीक्षकांनी झाकण उचललं. रुमाल खिशातच राहिला. "काकू, हे तर झकास खत होतंय! केलंत तरी काय?"

"काहीच नाही," काका हळूच म्हणाले.

काकूंनी वाकून पाहिलं. आत सगळं काळंभोर, भुसभुशीत. "म्हणजे दर रविवारी याची मेहनत मीच धुऊन टाकत होते!" त्या म्हणाल्या. ड्रम इथेच राहील, असं सांगून निरीक्षक गेले.

मित्रांनो, मला ओल्याबरोबर पाचोळा द्या, अधूनमधून ढवळा, झाकण लावा आणि मग जरा दमाने घ्या. मला घासायला काकूंचे हात अजूनही शिवशिवतात. ब्रश घेऊन त्या माझ्यापर्यंत येतात, थांबतात आणि तशाच परत फिरतात. इतकी माया माझ्यावर आजवर कुणीच केली नव्हती.