रिटर्न गिफ्टचे ससे

नवी मुंबईतल्या उलव्याच्या नव्या सोसायट्यांमध्ये मुलाचा वाढदिवस ही आता घरातली गोष्ट राहिलेली नाही. क्लबहाउस घ्यावं लागतं, थीम ठरवावी लागते आणि मुलं घरी निघाली की प्रत्येकाच्या हातात रिटर्न गिफ्ट द्यावं लागतं. पेन्सिलींचा डबा दिला तर दुसऱ्या दिवशी बागेत बायका एकमेकींकडे बघून हसतात. उन्नतीने ते हसणं पाहिलं होतं. खरं सांगायचं तर एकदा तीही त्यात हसली होती.

उन्नती मूळची शिरवण्याची. तिचा नवरा मिथुन उलव्याचाच. त्याच्या वडिलांची शेतं जिथे होती तिथे आता टॉवर उभे आहेत, आणि त्या टॉवरांना रेती-खडी पुरवण्याचा मिथुनचा धंदा आहे. अशाच एका टॉवरमध्ये नवरा-बायको, मुलगी मनस्वी आणि मिथुनची आई गोजराबाई राहत होते. यंदा मनस्वीच्या वाढदिवसाची थीम होती जंगल.

"मॅडम, सगळे देतात ते देऊ नका," पार्टीचं सगळं बघणारा सनी सोफ्यावर बसून म्हणाला. "जिवंत गिफ्ट द्या." त्याने मोबाईल पुढे केला. पारदर्शक डब्यात पांढरा ससा, डब्याला गुलाबी रिबीन. दुसऱ्या फोटोत तसल्याच डब्यात तपकिरी-पांढरा गिनीपिग. "ससा घ्या नाहीतर गिनीपिग घ्या. मुलं वेडी होतात. अख्ख्या उलव्यात अजून कोणी दिलेलं नाही."

शेवटच्या वाक्याने उन्नतीचं ठरून गेलं. आता फक्त ससा की गिनीपिग एवढंच उरलं. संध्याकाळभर ती मोबाईलवर वाचत बसली. घरात वास कोणाचा कमी, मुलांना चावतं कोण, जागा कोणाला कमी लागते, फोटोत गोड कोण दिसतं. मिक्सर घेताना दोन कंपन्यांची तुलना करावी, तशी ती दोन प्राण्यांची तुलना करत होती.

गोजराबाई शेजारी बसून भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "आन त्या पोरांच्या आयांना इच्यारलंस?"

"सरप्राइज असतं आई ते. विचारून कसं देणार?"

"लुगडं देताना सुदा आपन इच्यारतो, रंग चालंल का म्हनून. ह्यो तं जीव हाय."

मिथुन हसला. "आये, तू कशाला टेन्शन घेते? ससे वाटतोय, वाघ नाय." आणि त्यानेच निकाल लावून टाकला. मुलींना ससे, मुलांना गिनीपिग. दोन्ही आण म्हणून सनीला फोन गेला. कोणता प्राणी कोणत्या घरात निभेल, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

वाढदिवसाच्या दिवशी क्लबहाउसमध्ये प्लास्टिकची वेल, कागदी माकडं आणि छाती हादरवणारा स्पीकर होता. डबे त्या स्पीकरच्या मागेच रचले होते. उन्नती केक ठीक आहे ना ते पाहायला तिकडे गेली, आणि तिच्या नाकात आंबूस, ओला वास शिरला. वरच्या डब्यांतली पिल्लं कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होती, आणि वरच्या डब्यातली घाण भोकांतून खालच्या डब्यांतल्या पिल्लांच्या अंगावर गळत होती. खालच्या एका डब्यात गिनीपिग आडवा पडला होता. डोळे उघडे, पाय ताठ.

"होतं मॅडम एखादं," सनी म्हणाला. "मी जास्तीचे आणलेत ना." त्याने रिबीन सोडवून दुसऱ्या डब्याला बांधली आणि मेलेला गिनीपिग डब्यासकट कचऱ्याच्या काळ्या पिशवीत टाकला. आत खरकट्या प्लेटा होत्या, अर्धवट खाल्लेले वेफर्स होते. उन्नतीने ते पाहिलं. पण तेवढ्यात कोणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि ती चेहऱ्यावर हसू आणून निघून गेली.

गिफ्ट हिट ठरलं. मुलं किंचाळली, आयांनी फोटो काढले, रात्रभर सोसायटीच्या ग्रुपवर हृदयं आणि टाळ्या आल्या. दुसऱ्या दिवशी फोटो कमी झाले. तिसऱ्या दिवशी कोणीतरी लिहिलं, "याला वास येतो, नॉर्मल आहे का?" कोणाच्या मुलाला शिंका सुरू झाल्या, कोणाची चार्जरची वायर कुरतडली गेली. मग ग्रुपवर त्या विषयावर कोणी काही लिहिनासं झालं. उन्नतीला वाटलं, झालं सगळं सुरळीत.

त्यानंतर एका दुपारी बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरची सुचिता उभी होती. एका हाताने नाक ओढणीत दाबलेलं, दुसऱ्या हातात तोच पारदर्शक डबा. तिने तो उंबऱ्यावर ठेवला.

"घ्या तुमचं रिटर्न गिफ्ट," ती म्हणाली. "आम्हाला नाही जमत हो. बाल्कनीत ठेवला होता. दूध दिलं, बिस्किट दिलं, तर सारखा हगतोय. आता तर बघवत नाही. आमच्याकडे पाहुणे यायचेत."

लिफ्टचं दार बंद झालं. उन्नतीने झाकण उघडलं. ससा जिवंत होता. त्याची मागची बाजू विष्ठेने लडबडून चिकट झाली होती, आणि त्या चिकट्यात काहीतरी हलत होतं. आधी तिला कळेना. मग कळलं. अळ्या होत्या. पांढऱ्या, वळवळणाऱ्या, कातडीत तोंडं खुपसलेल्या. आणि ससा मात्र मान वर करून नाक हलवत तिच्याकडे बघत होता.

ती बेसिनकडे धावली आणि भडाभडा ओकली.

तोंड धुऊन तिने सनीला फोन लावला. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "सॉरी मॅडम, पीस खराब निघाला. दुसरा पाठवून देतो ना."

पीस! उन्नतीने फोन ठेवला. डबा पिशवीत घालून, गाठ मारून खाली कचऱ्यात नेऊन टाकावा, असं तिच्या मनात आलं. हो, आलं. ती पिशवी शोधायला स्वयंपाकघरात गेलीही. परत आली तर उंबऱ्यावर डबा नव्हता.

गोजराबाई बाथरूमच्या फरशीवर पाटावर बसल्या होत्या. मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर ससा, हातात भुवया कोरायचा उन्नतीचा चिमटा. त्या एकेक अळी ओढून मिठाच्या पाण्याच्या वाटीत टाकत होत्या.

"मला किळस येते आई," उन्नती दारातूनच म्हणाली.

"येवंदे. आली तं बरंच झालं." गोजराबाईंनी मान वर केली नाही. "पन त्या किड्यांची नको. किडा त्याचं काम करतो. किलस कोनाची यायला पायजे, ते बघ."

"मी काय मोठी दयालू बाय नाय," गोजराबाई बोलत राहिल्या. "आमी कोंबऱ्या पालल्या, बोकर पालला. कापला, खाल्ला. पन जवर जिता होता तवर त्याला पानी पाजलं, त्याची जागा झारली. त्याला कशाला आनलाय ते त्या घराला ठावं होतं. ह्याला तुमी कशाला आनला? फोटूला. फोटू निघाला, त्याचं काम संपलं. आता सुचिताला नको, तुला नको. मंग ह्यानं जायाचं कुटं?"

"मला माहीत नव्हतं असं होईल."

"तुला वास आला व्हता तवाच. मी बघलं तुझं तोंड, केक कापताना."

उन्नतीच्या डोळ्यांपुढे काळी पिशवी आली. खरकट्या प्लेटांत पडलेला तो डबा आला. अळ्यांनी आली नव्हती एवढी शिसारी तिला त्या क्षणी स्वतःची आली. ती खाली बसली आणि म्हणाली, "द्या तो माझ्याकडे. तुम्हाला नीट दिसत नाही."

दोघींनी रिक्षा करून त्याला नेरूळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी त्याला पाहिलं आणि विचारलं, "याला आईचं दूध सुटण्याआधीच उचललंय. कुठून घेतलात?" "पार्टीवाल्याने आणला, कुठून ते मी विचारलंच नाही," उन्नती म्हणाली. अळ्यांनी आतपर्यंत पोखरलं होतं. त्याला आणखी यातना नकोत, असं डॉक्टर म्हणाल्या. शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा उन्नतीने त्याला दोन्ही हातांत धरलं होतं. त्याचं वजन एखाद्या कांद्याएवढं वाटलं.

त्याच संध्याकाळी ती सासूला घेऊन दारोदार फिरली. ज्या ज्या घरात डबा गेला होता, त्या प्रत्येक घराची बेल वाजवली. काय काय पाहिलं तिने! एका घरात गिनीपिग बाथरूममधल्या बादलीत होता, साबणाच्या पाण्याने अंग ओलं, समोर नूडल्स. "मुलगा म्हणतो उंदीर आहे, हात लावत नाही," आई म्हणाली. एका घरात ससा वॉशिंग मशीनच्या मागे, तहानेने जीभ बाहेर. एका घरातल्या बाई तर देवळातून आल्यासारख्या प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, "आम्ही खाडीकडच्या झाडीत सोडला. निसर्गात मोकळा केला. पुण्य लागतं."

"पुन्य," गोजराबाई म्हणाल्या, "कुत्र्यांना लागलं आसंल."

किळसवाणं होतं ते सगळं. ही माणसं वाईट नव्हती. त्यांच्या घरात देव्हारे होते, मुलांच्या अभ्यासाची वेळापत्रकं होती, सोफ्यावर डाग पडला तर त्यांना झोप लागत नव्हती. आणि त्याच घरात, पडद्यामागे, एक जीव स्वतःच्या घाणीत कुजत होता आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते एवढंच, की वास येतो.

एकाच दारातून रिकाम्या हाताने परतताना उन्नतीला बरं वाटलं. रिटायर झालेले धर्मराज काका म्हणाले, "ससा आम्ही मागितला नव्हता. पण आलाय ना, आता आमचाच. नातीने त्याला खोलीचा कोपरा दिलाय, मी सुकं गवत आणतो. फक्त पोरी, पुढच्या वेळी विचारत जा." उन्नती मान खाली घालून "हो" म्हणाली.

जे वाचले ते त्यांच्या घरी आले. ससे आणि गिनीपिग मिळून मोजकेच उरले होते. उन्नतीने सगळ्यांना पाहुण्यांच्या खोलीत एकत्र ठेवलं, तर डॉक्टरबाई फोनवर रागावल्या. "एकत्र नका ठेवू. ससा लाथ मारतो, गिनीपिगची हाडं मोडतात. दोघांचं खाणं वेगळं. गिनीपिगला रोज ढोबळी मिरचीसारखं काहीतरी ताजं लागतं, नाहीतर त्याचे सांधे सुजतात. आणि तो एकटा राहू शकत नाही, सोबतीला दुसरा हवाच. सशाला पळायला मोकळी जागा हवी, ऊन त्याला सोसत नाही. नीट सांभाळलात तर आठ-दहा वर्षं जगेल. तेव्हा तुमची मुलगी कॉलेजात असेल."

मिथुन घरी आला आणि दारातच थबकला. "घर आहे की कोंडवाडा? वास बघ काय मारतोय."

"हा वास आपणच वाटला होता," उन्नती म्हणाली. "घरोघरी, रिबीन बांधून. आता तो परत आलाय." मग जेवायला वाढल्यावर तिने त्याला सुचिताच्या सशाचं सगळं सांगितलं, काहीही न वगळता. मिथुनने जेवणाचं ताट बाजूला सारलं. थोड्या वेळाने बनियनवर येऊन तोही वर्तमानपत्रं अंथरू लागला.

पुढचे दिवस चौकशीचे गेले. उन्नतीने कोणालाही प्राणी तसाच उचलून दिला नाही. घर पाहिलं, माणसं पाहिली, लेंड्या कोण काढणार हे तोंडावर विचारलं. उत्तर देताना जे अडखळले त्यांना नकार दिला. ससे गेले कळंबोलीच्या एका कुटुंबाकडे. त्यांच्याकडे आधीचे ससे होते, बंदिस्त ओसरी होती आणि मुख्य म्हणजे अनुभव होता. शेवटी दोन गिनीपिग उरले.

एका सकाळी मनस्वीने विचारलं, "आई, आपल्या घरी ठेवायला कोण बरं, ससा की गिनीपिग?"

"आधी इकडे ये," उन्नती म्हणाली. तिने मुलीच्या हातात सुपली दिली. मनस्वी आत गेली, ओल्या कागदावरच्या लेंड्या पाहिल्या, नाक दाबलं. थोडा वेळ तिने प्रयत्न केला. मग रडवेली होऊन म्हणाली, "मला नको, आई. मला ते फक्त बघायला आवडतात."

मिथुन रागावणार होता, पण उन्नतीने त्याला थांबवलं. तिने मुलीला जवळ घेतलं. "हे तू खरं बोललीस. मला हे वाढदिवसाच्या आधी बोलता आलं असतं तर किती जीव वाचले असते."

त्याच दिवशी तिने सोसायटीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. काळी पिशवी, अळ्या, बादली, खाडी. कोणाचं नाव घेतलं नाही, फक्त स्वतःचं घेतलं. खाली लिहिलं, "चूक माझी. मी न विचारता जीव वाटले. यापुढे या सोसायटीत कोणी असं करणार असेल तर आधी माझ्याकडे या, मी तुम्हाला एक खोली साफ करायला देते." मग सुचिताचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, तिला एकटीला: "त्याचं काय झालं?" उन्नतीने खरं ते कळवलं. दुसऱ्या दिवशी सुचिता ढोबळी मिरच्या आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन आली, आणि न सांगता सुपली हातात घेऊन आत गेली.

वाचकहो, ससा चांगला की गिनीपिग, असा प्रश्न आपण दुकानात उभे राहून विचारतो. तो प्रश्न घरी, आपल्या माणसांना विचारायचा असतो. आणि तोही दुसरा. पहिला प्रश्न असा, की याची घाण रोज कोण काढणार, आणि कौतुक संपल्यावरही काढणार का? त्याचं उत्तर घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने स्वतःचं नाव घेऊन दिलं, तरच पुढचा विचार करावा. नसेल देता येत, तर "नको" म्हणावं. नको म्हणण्यात काही कमीपणा नाही. हौसेने आणलेला जीव कोपऱ्यात कुजू देणं, आणि वर वास येतो म्हणून नाक दाबणं, यात मात्र आहे. तिथे किळस प्राण्याची येऊ नये, आपली यावी.

उन्नतीने ते दोन गिनीपिग मनस्वीसाठी ठेवले नाहीत. स्वतःसाठी ठेवले. रोज सकाळी मुलगी शाळेत गेली की ती पदर खोचते, मुतलेलं गवत गोळा करते, ट्रे घासते. वास अजून येतो. ती नाक दाबत नाही.