मुका मेनू

लॅपटॉप सुरू होता, एवढं तिला कळत होतं. पंखा फिरत होता, मनगटाखालचा भाग कोमट लागत होता. पण आवाज येत नव्हता.

तिने पंखा थांबेपर्यंत बटण दाबून धरलं. पुन्हा सुरू केला, जरा थांबली. खालचा बाण एकदा, मग एंटर. कान लावून बसली. काही नाही.

या लॅपटॉपवर दोन सिस्टिम होत्या. पहिली वहिनीची, हिशेबाच्या कामासाठी. दुसरी तिची स्वतःची. सुरू करताना कोणती हवी ते विचारणारा मेनू येई, आणि तो मुका होता. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सिस्टिम उघडल्यानंतर जागं होई. तोवर सगळी भिस्त बोटांच्या सवयीवर. आज सवय तीच होती, पण पलीकडून उत्तर नव्हतं. वहिनीची सिस्टिम उघडली असती तर तिची सूर लावल्यासारखी घंटी तरी वाजली असती. तीही नाही.

थोड्याच वेळात परीक्षा होती. परगावच्या वेधशाळेत हवामानाच्या आकड्यांवर काम करायची नोकरी. परीक्षक कॉलवर असणार, आकडे तेच पाठवणार, आणि तिने आपल्याच लॅपटॉपवर ते सोडवून दाखवायचे. अट एकच, खोलीत दुसरं कुणी नको.

ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. वहिनीला ऑफिसात फोन लावला.

"वहिनी, लॅपटॉपला काही केलंत का?"

"अहो वन्सं, मी शिवलेसुद्धा नाही! काल संध्याकाळी तुम्हीच नव्हता का बसलात, अपडेट अपडेट करत?"

खरं होतं. परीक्षेआधी सगळं ताजं असावं म्हणून तिनेच ते केलं होतं. "ठेवते," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

मग फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरला. फोनमधलं ॲप एरवी औषधाच्या बाटलीवरचंही वाचून दाखवतं. ते म्हणालं, मजकूर आढळला नाही. जवळ धरला, लांब धरला. मजकूर आढळला नाही.

आता बाहेरच्या खोलीत बसलेले बाबा उरले होते. आणि नेमकं त्यांनाच बोलवायचं नव्हतं. महिनाभर त्यांचं एकच पालुपद चाललं होतं, "नोकरीला माझी ना नाही. पण एकटी राहणार कशी, तेवढं सांग." ती दरवेळी सांगत होती, कुणाच्या मदतीवाचून राहीन.

ती पुन्हा उठली. दाराची कडी हातात आली, सोडली, पुन्हा धरली.

"बाबा, जरा येता?"

सपाता फरफटत आल्या. "काय गं? तुझा पोपट आज गप्प का?"

"पडद्यावर काय दिसतंय ते सांगा."

"काही नाही. काळं आहे."

"अक्षरं? रेघा? कोपऱ्यात काही?"

"काळं म्हणजे काळं, बाई. मेला हा."

मेलेल्या यंत्राचा पंखा फिरत नाही, ती स्वतःला म्हणाली. पंखा फिरतोय म्हणजे वीज आहे, तर पडद्यावरही काहीतरी असलंच पाहिजे. मग का दिसत नाही?

आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. पडद्याचा उजेड ती नेहमी शून्यावर ठेवायची. तिला उजेडाचा उपयोग नव्हता, चार्जिंग तेवढं जास्त टिकायचं. या यंत्राला ते सुरू होतानाही आठवायचं. तिने उजेड वाढवायचं बटण दाबलं.

"आता?"

"तसंच."

म्हणजे ते बटणही सिस्टिम उघडल्याशिवाय ऐकणार नाही. पण उजेड नसला म्हणून अक्षरं पुसली जात नाहीत. ती पडद्यात असतात, मागून प्रकाश नसतो इतकंच.

"बाबा, तुमची बॅटरी आणा. हातातली. अगदी जवळून, तिरकी मारा."

बाबा बॅटरी घेऊन आले, खुर्ची ओढून बसले. तिने लॅपटॉप पुन्हा सुरू केला, बाण एकदा दाबला आणि एंटर न दाबता थांबली. बॅटरीचं बटण खटकलं.

"अगं, आहे की! पुसट आहे, पण आहे. ओळी आहेत तीन-चार. इंग्रजीत."

"कुठल्या ओळीवर पट्टा आहे?"

"मधल्या. नाही, थांब, ती माझी सावली."

"बाबा!"

"ओरडू नकोस, हात हलतो." ते एकेक अक्षर लावू लागले. वरची ओळ वहिनीच्या सिस्टिमची होती. तिच्याखाली कालच्या अपडेटने एक नवीनच ओळ घुसवली होती, जास्तीच्या पर्यायांची. तिची सिस्टिम त्या ओळीच्याही खाली सरकली होती. एवढा वेळ ती त्या नव्या ओळीत शिरून मुकाट बसत होती.

तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. या वेळी बाण दोनदा. एंटर.

"हलली," बाबा म्हणाले, "अक्षरं गेली."

पंख्याचा सूर चढला. आणि मग तो आवाज आला, भरधाव, एका दमात सगळं सांगून टाकणारा. ती भराभर कॉलची खिडकी उघडू लागली.

बाबा उठले नव्हते.

"एक विचारू?" ते म्हणाले. "तिथे बॅटरी कोण धरणार?"

तिची बोटं थांबली. महिनाभर दिलेलं उत्तर आता देता येणार नव्हतं.

"तिथे हा मेनूच नसेल," ती म्हणाली. "हा आहे कारण लॅपटॉप दोघींचा आहे. माझा एकटीचा घेतला की एकच सिस्टिम. बटण दाबलं की सरळ बोलायला लागेल."

"आणि दुसरं काही अडलं तर?"

"अडेल. तेव्हा काय करायचं ते मला आत्ता माहीत नाही."

कॉल लागला. एका बाईंचा आवाज, नीटनेटका, घाईतला. "नमस्कार. सुरू करण्याआधी विचारते, खोलीत दुसरं कोणी आहे का?"

तिने बाबांच्या दिशेला मान वळवली. खुर्ची सरकली. सपाता फरफटत गेल्या, दार हलकेच लागलं.

"नाही," ती म्हणाली. "पाठवा आकडे."