कॅमेऱ्याचं तोंड

"टँकर रोज येतो, तरी विहीर कोरडी. म्हणजे पाणी चोरीला जातंय," असं म्हणत पंचायतीचे मेंबर, टँकरच्या रोजच्या खेपेवर सही करणारे हरेशभाऊ जव्हारच्या कॅमेरावाल्याला घेऊन आमच्या पाड्यावर आले. पाणी भरतो आम्ही बायका, म्हणजे चोरही आम्हीच! पाच दिवस आमचे हंडे विहिरीपाशी नंबर धरून उन्हात तापत होते. माझं डोकंच फिरलं.

कॅमेरावाल्या धनेशने दोन कॅमेरे कठड्यावर मांडले. "हा गोल, दुकानात लावतात तो. जवळचं सगळं दाखवतो, हंडा कुणाचा तेही कळेल. हा लांबट, दूरचं टिपतो. दोन्ही सोलरवर चालतात. रेंज नसली तरी कार्डात महिनाभराचं राहतं, तारीख-वेळेसकट."

"गोल लाव, विहिरीवरच," हरेशभाऊ म्हणाले.

"लांबट लाव!" मी रिकामा हंडा दगडावर आपटला. "आणि तोंड रस्त्याकडे कर. टँकर रोज येतो ना? मग दिसू दे महिनाभर!"

हरेशभाऊंनी घाईघाईने दोन्ही कॅमेरे स्वतःच खोक्यात कोंबले. "राहू दे. कॅमेऱ्याची एवढी काही गरज नाही."

"नाहीच," मी म्हटलं. "चोर सापडला."