सिद्ध सहीचा सोनेरी डोळा

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये खुर्च्या संपल्या, तेव्हा खालचे न खपलेले सोफे वर चढवले गेले आणि प्लास्टिकचं वेष्टन न काढताच त्यांवर माणसं बसली. कुणी जरा कूस बदलली की सोफा कुरकुरायचा आणि पुढच्या रांगा मागे वळून डोळे वटारायच्या. कारण समोर मोठ्या पडद्यावर चमत्कार चालू होता.

चमत्कार एका पडदेवालीचा होता. खिडक्यांचे पडदे शिवणारी ही बाई पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्या वेबसाइटचा आकडा वर झळकत होता: ‘आतापर्यंत आले’, आणि त्यापुढे भलीमोठी संख्या. ती दर थोड्या वेळाने टुणकन एकाने वाढे, आणि सोफे एका सुरात कुरकुरत.

“बाई, आत्ता तुम्ही काय करताय?” व्यासपीठावरून प्रश्न आला.

“काही नाही, सर. नुसती बसलेय.”

“ऐकलंत? नुसत्या बसल्यात! आणि जग यांच्या दारात येतंय!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर म्हणजे कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गालाला चिकटलेला माइक आणि पायाखाली तवा तापवलाय अशी चाल. भक्त त्यांना ‘सर’ म्हणत. मागच्या दारापाशी उभ्या असलेल्या ताईने मनातल्या मनात त्यांचं नाव सहीबुवा ठेवून टाकलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे टोपणनावं ठेवण्यात आणि ठेवून घेण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

बुवांचा माल होता सही. इंटरनेटवरच्या चर्चागटात माणूस काही लिहितो, त्याच्या खाली आपोआप एक ओळ उमटते. कुणी तिथे नाव टाकतं, कुणी सुविचार, कुणी दुकानाचा पत्ता. बुवा ही ओळ ‘सिद्ध’ करून देत. तुमचा पत्ता, एक आकर्षक वाक्य आणि शेजारी मिचमिचणारा एक छोटासा सोनेरी डोळा. त्याबद्दल जे घेत त्याला फी म्हणायचं नाही, ऊर्जाशुल्क म्हणायचं.

“तुम्ही लिहिता ते शब्द म्हणजे देह!” बुवा गरजले. “खालची सही म्हणजे आत्मा! देहाकडे कोण बघतं?”

“कुणी नाही!” सोफ्यांवरून उत्तर आलं.

“मग लिहायचं काय?”

“काहीही!”

“कुठे?”

“गर्दीत!”

“आणि विक्री किती झाली, हे?”

“विचारायचं नाही!”

“शाब्बास. विक्री विचारली की सही रुसते. शंका घेतली की आकडा थिजतो. आणि डोळा? डोळा कधीच काढायचा नाही. डोळा गेला की सगळं गेलं!”

माणसांची जमा-नावे मांडायची ताईला जुनी खोड. बुवांच्या जमेला तिने आवाज लिहिला, इस्त्री लिहिली. अर्थ कुठे लिहावा हे काही तिला सापडेना. ती इथे आली होती धाकट्या भावासाठी. धाकटा कवळ्या बनवायचा. शहरातल्या एका लॅबमध्ये त्याचं टेबल होतं, आणि त्याने मेणात बसवलेले दात पाहून म्हातारी माणसं म्हणत, हे माझे जुनेच परत आलेत. मोडक्या कवळ्या दुरुस्त करून घरपोच द्यायची वेबसाइट त्याने हौसेने काढली होती. तिच्या जाहिरातीसाठी त्याने बुवांची सही घेतली आणि पोरगा हातचा गेला.

“पुढच्या रविवारी,” बुवांनी त्याला हाताला धरून उभं केलं, “आपले कवळीवाले याच व्यासपीठावरून नोकरी सोडल्याचं जाहीर करणार! चाळीस हजार माणसं ज्याच्या दारी, तो दुसऱ्याच्या दारी कशाला?”

टाळ्यांत ताईने शेजारी बघितलं. भावजय सातवा महिना सावरत सोफ्याच्या कडेवर टेकली होती. तिच्या तोंडाकडे बघून कळलं, हे तिलाही आत्ताच कळतंय.

घरी चहा पुढ्यात थंड होत राहिला.

“आले म्हणजे कुठे आले रे?” ताईने विचारलं.

“वेबसाइटवर, ताई. अजून कुठे?”

“कोण आले?”

“लोक! लोक आले!”

“बरं. मग त्यातल्या एकाने तरी विचारलं असेल, काका, माझी खालची कवळी सैल होते, काय करू?”

“ते पुढच्या टप्प्यात होतं. आधी दर्शन, मग गिऱ्हाईक.”

“चाळीस हजार माणसं येऊन गेली आणि एकानेही तोंड उघडलं नाही? कवळीच्या दुकानात?”

भावजयीला हसू आवरलं नाही. धाकट्याला ते झोंबलं.

“तू पोरांना चुंबक दाखव, ताई. धंद्यातलं तुला काय कळतं? शाळेबाहेरचं जग बघितलंयस कधी?”

“जग राहू दे, तुझ्या गटाचं सांग. तो म्हाताऱ्यांचा.”

नव्याने कवळी लावलेल्या माणसांचा एक चर्चागट होता. तिथे धाकटा ‘कवळीकाका’ म्हणून कित्येक वर्षं लोकांच्या हिरड्यांची विचारपूस करायचा. पहिले दिवस काय खावं, रात्री कवळी कुठे ठेवावी, ‘स’ म्हणताना शीळ वाजते तर काय करावं, सगळं सविस्तर, फुकट. सही लागल्यापासून तो तिथे ‘छान’, ‘सहमत’, ‘अगदी खरं’ एवढंच लिहू लागला, पण दिवसभर. मग एका बाईने लिहिलं की तिचे यजमान गेले. त्यांची कवळी अजून पेल्यातच आहे, ती उचलवत नाही. धाकट्याने लिहिलं, ‘फार वाईट झालं.’ आणि खाली आपोआप उमटलं: ‘हसा, अगदी तोंड भरून हसा!’ शेजारी सोनेरी डोळा मिचमिचत होता.

गटाने त्याला त्याच दिवशी बाहेर काढलं.

“सर म्हणाले, त्यांना सहीचं तेज सोसलं नाही,” तो खालच्या आवाजात म्हणाला.

“आणि तुला काय वाटलं?”

तो उठून गॅलरीत गेला. फोन टेबलावरच राहिला, त्यावर आकडा उघडा. दुसरं काही तो फोनवर हल्ली बघतच नसे.

ताईने स्वतःचा फोन काढला. धाकट्याने पाव-बिस्किटं भाजणाऱ्यांच्या गटातसुद्धा ‘छान’ लिहून ठेवलं होतं. तिने ते पान उघडलं. टेबलावरचा आकडा एकाने वाढला. ती थांबली. मग मांजरं पाळणाऱ्यांच्या गटातलं त्याचं ‘सहमत’ उघडलं. आकडा पुन्हा टुणकन उडाला.

“तुम्ही त्याच्या वेबसाइटवर गेलात?” भावजयीने विचारलं.

“छे गं. मी मांजरांकडे गेले होते.” ताईने चष्मा काढून पुसला. “वेबसाइटचा पासवर्ड तुला माहितीये?”

“मीच तर घातलाय. त्याच्या लक्षात राहत नाही म्हणून.”

“मग उद्या दुकान बंद करून टाक. त्याला सांगू नकोस. त्याला काय दिसतं बघू.”

“आणि त्याला कळलं तर? चिडेल हो.”

“कळलं तर मी हरले. कळायलाच हवं, अगं. स्वतःचं दुकान आहे.”

भावजयीने गॅलरीकडे एकदा बघितलं आणि मान डोलावली. तिने दुसऱ्या दिवशी दुकान बंद केलं.

रविवारी हॉलमध्ये सोफे आणखी वाढले होते. पडद्यावर धाकट्याचा आकडा होता, आणि तो मागच्या रविवारपेक्षा चांगलाच फुगला होता. धाकटा व्यासपीठावर माइक धरून उभा. नवा शर्ट, घडीच्या रेघा तशाच.

“बोला, कवळीवाले!” बुवांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “तोडताय ना बेडी?”

धाकट्याने तोंड उघडलं. तेवढ्यात मागून ताईने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

“सर, मला एक शंका आहे.”

“शंकेने आकडा थिजतो, बाई!”

“थिजू दे की. बघू या.”

सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. आकडा टुणकन वाढला. कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं.

“थिजला नाही,” ताई म्हणाली. “आता सगळ्यांनी फोन काढा आणि याच्या वेबसाइटवर जा.”

“जा, अवश्य जा!” बुवा खुलले. “याला म्हणतात श्रद्धा! सगळ्यांनी भेट द्या!”

शंभरेक बोटं काचांवर फिरली. मग एकेक डोकं वर आलं आणि शेजारच्याच्या फोनमध्ये डोकावलं.

“इथे तर ‘दुकान सध्या बंद आहे’ असं येतंय,” पडदेवाली म्हणाली.

“माझ्याकडेही तेच.”

“बंद?” धाकट्याने माइक काखेत धरून स्वतःचा फोन काढला. माइकमधून कापड घासल्याचा खरखराट हॉलभर झाला. “कधीपासून?”

“सोमवारपासून,” भावजय सोफ्याच्या हाताला धरून उभी राहिली. “मीच बंद केलं. सहा दिवस झाले. तुला कळलं नाही, कारण तूसुद्धा गेला नाहीस तिकडे. तू आकडा बघत होतास.”

धाकट्याने वर बघितलं. बंद दुकानात आणखी एक जण आला होता.

“या सूक्ष्म भेटी आहेत!” बुवांनी आवाज चढवला. “स्थूल दुकान बंद असलं तरी ऊर्जेचं दार उघडं असतं! शाळेतल्या विज्ञानाला हे—”

“शाळेतलंच सांगते,” ताई मधल्या वाटेने पुढे आली. “तो सोनेरी डोळा म्हणजे एक चित्र आहे. ते चित्र या सरांच्या कॉम्प्युटरवर ठेवलेलं आहे. कुणीही चर्चागटाचं पान उघडलं, की पानावरची सगळी चित्रं आपापल्या जागेहून मागवली जातात. पान मांजरांचं असो की बिस्किटांचं, खाली याची सही असली की डोळा सरांकडून मागवला जातो. आणि सरांचा कॉम्प्युटर लिहितो, एक आला. तो माणूस आपल्या मांजराच्या उलटीबद्दल वाचून निघून गेला. त्याने सही वाचलीसुद्धा नसेल.”

“म्हणजे आले नाहीत?” कुणीतरी विचारलं.

“समजा, मी माझ्या घराच्या घंटेचं बटण काढलं आणि बसस्टॉपच्या बाकाखाली लावलं. जो बसेल त्याच्या वजनाने घरी घंटा वाजणार. मी आपली घरात बसून म्हणतेय, वा, काय पाहुणे येतायत! म्हणून सांगतात ना, गर्दीत लिहा. म्हणून डोळा काढू देत नाहीत. आणि म्हणूनच विक्री विचारू देत नाहीत. त्यांचं खोटं उघडं पाडेल असं तेवढंच एक आहे.”

“पण आकडा तर वाढतोय ना!” एक गृहस्थ कळवळून म्हणाले.

“वाढतोय. काय मोजतोय ते विचारा.”

“आणि डोळ्यावर बोट ठेवलं तर काय उघडतं?” पडदेवालीने अचानक विचारलं, आणि स्वतःच ठेवलं. तिच्या फोनवर बुवा उगवले, कडक इस्त्रीत, खाली ऊर्जाशुल्क भरायची जागा. “अगं बाई! म्हणजे मी एवढे दिवस गावभर यांची पाटी लावत हिंडत होते?”

“मी तुमच्याच डोळ्यावर बोट ठेवून इथे आलो, बाई,” धाकटा म्हणाला. त्याचा आवाज माइकमधून मोठा झाला आणि त्यालाच दचकवून गेला.

बुवांनी माइकसाठी हात पुढे केला. “कवळीवाले, घाबरू नका. ही तुमची परीक्षा आहे. बोला, नोकरी सोडली ना?”

धाकट्याने माइक दिला नाही. “नवरा गेलेल्या बाईला मी हसायला सांगितलं,” तो म्हणाला. “आणि तुम्ही म्हणालात तेज. मला तिथेच कळायला हवं होतं. उद्या मी कामावर जातोय. टेबलावर तीन साचे पडलेत.” मग त्याने माइक ताईकडे दिला.

“तुम्ही सगळे आता म्हणाल, बुवा खोटा, बाई खरी,” ताई म्हणाली. “तसं करू नका. तेही अंगलटच येईल. माझ्यावर विश्वास ठेवू नका. आत्ता, इथेच, आपापलं दुकान बंद करा आणि पडद्याकडे बघत बसा. आकडा थांबला तर मी सगळ्यांची माफी मागून जाईन. नाही थांबला तर कुणाची मागायची ते तुम्हीच ठरवा.”

काही जण उठून गेले. दोघे-तिघे बुवांभोवती गोळा होऊन अधिक ताकदीचा डोळा मिळेल का, ते विचारू लागले; अशी माणसं प्रत्येक हॉलमध्ये असतात. बाकीचे फोनवर वाकले. ज्यांना जमेना त्यांना भावजय दाखवत होती.

पडदेवालीचं दुकान बंद झालं. मग पियानो शिकवणाऱ्याचं, मग कुत्र्यांना वळण लावणाऱ्या बाईंचं. बुवांच्या मदतनिसाने ओळीने सगळ्यांचे आकडे पडद्यावर लावून ठेवले होते, भक्तांचा उत्साह वाढावा म्हणून. दुकानं बंद होत गेली आणि आकडे एकापाठोपाठ टुणटुणत वाढत राहिले. शेवटी बुवा स्वतः खाली वाकले आणि त्यांनी वायर उपटली.

पडदा काळा झाला, पण पाहायचं ते बघून झालं होतं. यासाठी कुणाला कॉम्प्युटर शिकावा लागला नाही. ‘आले म्हणजे कुठे आले?’ एवढा एकच प्रश्न पुरला, आणि तो विचारायला कसलंच शुल्क पडत नाही. जो तुम्हाला आकडा दाखवतो आणि प्रश्न विचारू नका म्हणतो, त्याला तोच प्रश्न आधी विचारा.