उद्या ये

आमच्या घरी ईमेल कपाटात येई. पांघरुणांच्या कपाटाच्या खालच्या खणात ह्यांनी जुना संगणक बसवला होता आणि घरातल्या साध्या इंटरनेटवर तो अहोरात्र चालू ठेवला होता. आपली पत्रं परक्याच्या घरी का ठेवायची, असं ह्यांचं म्हणणं. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर, हे तिथेच दुरुस्तीला. त्यामुळे असलं वेड दोघांनाही शोभून जाई.

फालतू पत्रं वाढली तेव्हा ह्यांनी एक नियम घातला. अनोळखी यंत्र पत्र घेऊन आलं की त्याला सांगायचं, आता नको, नंतर ये. भामटे पुन्हा फिरकत नाहीत. ज्याला खरं काम आहे तो येतो. बाकीचे लोक अशाला पाच-दहा मिनिटांनी आत घेतात. ह्यांनी पुरता एक दिवस ठेवला.

माणसांशीही हे तसेच. धाकट्यानं खात्यातली नोकरी सोडली तेव्हा बापलेकांत जुंपली आणि तो घर सोडून गेला. महिन्याभरानं दाराशी आला. ह्यांनी पेपरातून मान वर केली नाही. म्हणाले, "आज नको. उद्या ये." मी हात पुसत बाहेर येईपर्यंत जिन्यावर पावलं वाजत होती. तो पुन्हा आला नाही. त्याला नऊ वर्षं झाली. ना पत्ता, ना फोन.

हे मागच्या वर्षी गेले. गेल्या आठवड्यात थोरली कपाट आवरायला आली. वीज जळते, धूळ बसते, आणि तुला लिहितं कोण, तर विमेवाला आणि चष्म्याचं दुकान, असं तिनं ऐकवलं. तिचं काही चूक नव्हतं. बंद करण्याआधी परत पाठवलेल्यांची नोंद एकदा पाहू, म्हटलं. ह्यांनी ती कधी पुसली नव्हती, आणि ती वाचायला मला ह्यांनीच शिकवलं होतं.

हे जायच्या चार महिने आधीच्या तारखांपाशी पत्र आणणाऱ्या एका यंत्राचं नाव दिसलं. बारक्या. धाकट्याला त्या नावानं फक्त हेच हाक मारायचे. म्हणजे त्यानंही आपल्या घरी असंच यंत्र बसवलं होतं आणि त्याला ते नाव दिलं होतं.

त्याचं पत्र पाच दिवस, तासातासाला आमचं दार ठोठावत होतं. पण त्याच्या घरच्या कनेक्शनचा नंबर रोज पहाटे बदलत होता. आमचं यंत्र ओळख धरी ती नंबरावरून, नावावरून नाही. नंबर नवा, म्हणून त्यानं रोज त्याला नवखा धरलं आणि रोज दुसऱ्या दिवशी बोलावलं. सहाव्या दिवशी नोंद नाही; पाच दिवसांनी यंत्रं नाद सोडतात. मजकूर आमच्यापर्यंत पोचलाच नाही, नाव आणि त्याचा ईमेलचा पत्ता तेवढा नोंदीत राहिला.

थोरली घड्या घालायची थांबली. "बाबांनी हे पाहिलं असेल का गं?"

"पाहिलं असतं तर नियम काढला असता," मी म्हटलं. मला तसं वाटतं. खात्री कशी देऊ?

नियम मी काढला. एवढीशी ओळ होती. मग त्या पत्त्यावर त्याला लिहिलं, तुझं पत्र यंत्रानं परत पाठवलं, आम्ही नाही, आईला लिही. ह्यांच्याबद्दल लिहायला बोटं वळेनात. थोरली म्हणाली, तेही कळव. आधी त्याला आत तर येऊ दे, म्हटलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. नंबर नवाच होता, पण अडवणारं कोणी नव्हतं.

"आई, रविवारी येऊ का? बाबांना आधी विचारून सांग."

दोनदा लिहायला बसले, दोनदा उठले. कपाटातला हिरवा दिवा लुकलुकत होता. शेवटी एवढंच पाठवलं, आजच ये. बाकीचं त्याला दारात सांगेन.