माझ्या पोटातल्या अठरा वाट्या

मी फ्रिज आहे. ही घरघर ऐकू येतेय ना, तेच माझं बोलणं. एकवीस वर्षं बोलतोय, पण नीट कान देऊन कुणी ऐकलं नाही, म्हणून आज जरा मोठ्याने सांगतो. माझा स्वभाव काळजीचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याच्या पोटात कायम दुसऱ्याचं अन्न आणि ज्याचा जीव भिंतीतल्या एका पिनेवर, त्याने निवांत राहायचं तरी कसं?

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. पत्रा वाकवला, आत फेस भरला, पाठीला नळ्या बसवल्या, दाराला रबर लावलं. एका माणसाने माझं दार सात वेळा उघडलं आणि लावलं आणि "चालेल" म्हणाला. तेवढ्या एका शब्दाच्या भरवशावर मी जगात आलो, म्हणजे बघा.

दुकानात मला न्यायला आले ते मास्तर आणि त्यांची बायको, आमच्या बाई. मास्तर शिंप्याच्या दुकानात कापड बेतायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांनी गळ्यातली टेप काढून मला उभा-आडवा मोजला आणि म्हणाले, "खांद्यात जरा रुंद आहे, पण बसेल." बाईंनी माझ्या पोटाला कान लावला. "आवाज करतो हा," त्या म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "तेवढीच सोबत." आणि मी या घरात आलो.

स्वयंपाकघरात माझ्या एका बाजूला ओव्हन, समोर गॅसची शेगडी. ओव्हनचं आणि माझं कधी जमलं नाही, तो गरम डोक्याचा आणि सणाच्या दिवशी सगळं कौतुक त्यालाच. बाई मात्र माझ्याशी नेमाने वागायच्या. गरम भांडं कधी आत ठेवलं नाही, दार कधी आपटलं नाही. पाककृतींची त्यांची वही माझ्या डोक्यावर असायची. चार वर्षांपूर्वी बाई गेल्या आणि माझं पोट रिकामं झालं. अर्धं लिंबू, पाव लिटर दूध आणि मास्तरांच्या डोळ्यांत घालायचे थेंब. असल्या संसाराला गार ठेवताना मला माझीच लाज वाटायची.

सात महिन्यांपूर्वी एका सकाळी मास्तरांनी दूध गॅसवर ठेवलं आणि ते शिवणयंत्राशी जाऊन बसले, ते बसलेच. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅसचा वास सुटला. मी समोरून सगळं पाहत होतो आणि घरघरण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो. शेजारीणबाईंना जिन्यात वास आला म्हणून निभावलं.

संध्याकाळपर्यंत लेक येऊन धडकली. "बाबा, माझ्या गळ्याची शपथ आहे. आजपासून गॅस लावायचा नाही, ओव्हनला हात लावायचा नाही. डबा लावून देते. पाणी तापवायला किटली आहे, ती आपोआप बंद होते."

मुलगा दुसऱ्या गावाहून फोनवर होता. "ताई, त्यापेक्षा बाबांना माझ्याकडे पाठव. खोली रिकामी करून ठेवलीय."

"सणापर्यंत बघू," लेक म्हणाली. "तोवर परत काही घोटाळा झाला, तर मात्र घर बंद करायचं. बाबा, मग मी तुमचं काही ऐकणार नाही."

"आणि ते सामान?" फोन म्हणाला. "तो जुना फ्रिज वगैरे?"

"तो काय, भंगारवाला नेईल."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या आठवड्यात मी तीनदा उगाचच थरथरलो. पण खरी काळजी मास्तरांची होती. हे घर सुटलं तर त्यांचं यंत्र, त्यांची खिडकी, जिन्यातली रोजची चार माणसं, सगळंच सुटणार होतं. ते कुणाला काही बोलले नाहीत. फक्त दुधासाठी दार उघडायचे आणि दूध न घेताच उभे राहायचे.

मग एक दिवस त्यांनीच लेकीला फोन लावला. "सणाचं जेवण आपल्याकडे. आधीचं खाणं आणि शेवटचं गोड मी करणार. मधलं जेवण तू घेऊन ये."

"अहो बाबा, गॅसशिवाय काय करणार तुम्ही?"

"ते मी बघतो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मी मनात म्हटलं, झालं, आता सगळी भिस्त माझ्यावर.

सणाच्या आदल्या दिवशी त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि कामाला लागले. स्टीलच्या पेल्याने पावाच्या गोल चकत्या पाडल्या, त्याही कापड वाया जाऊ नये तशा एकमेकींना चिकटवून. काकडीचे काप पाव इंचाचे, टेप लावून मोजलेले. सकाळी फडक्यात टांगलेलं दही घट्ट झालं होतं, त्यात लसूण आणि मिरपूड घोटून घातली. खजुराच्या बिया काढून आत बदाम बसवले, शिवण घालावी तसे कडेने दाबून. मग कॉफीत बुडवलेली बिस्किटं आणि फेटलेली साय, असे थरावर थर काचेच्या भांड्यात रचले. शेगडीला हातसुद्धा लागला नाही. मी एकेक गोष्ट पोटात घेत होतो आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

शेवटी जेली. बाईंची अननसाची जेली म्हणजे लेकीचा जीव की प्राण. मास्तरांनी वही काढली, चष्मा लावला, बोट ठेवून वाचायला लागले. एका ओळीवर ते थांबले. गॅसकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा तीच ओळ वाचली, आणि वही मिटून माझ्या डोक्यावर ठेवली. किटलीच्या उकळत्या पाण्यात त्यांनी जिलेटिन विरघळवलं. सहा वाट्या संत्र्याच्या रसाच्या केल्या आणि बारा अननसाच्या. अठराच्या अठरा वाट्या एकाच फळीवर ओळीने लावल्या आणि मला म्हणाले, "सांभाळ बाबा."

सकाळी सातला त्यांनी दार उघडलं. संत्र्याची वाटी तिरकी केली, जेली जागची हलली नाही. अननसाची तिरकी केली, आणि रस वाहत त्यांच्या मनगटावर आला.

म्हातारपणी कुठून तरी गारवा निसटतोय आणि मलाच कळत नाही, असं वाटलं. मास्तरांनी बटण शेवटच्या आकड्यावर फिरवलं. मी जीव खाऊन चालायला लागलो, पाठ तापून लाल व्हायची वेळ आली. आठला त्यांनी वाटी हलवली, पातळ. साडेआठला, पातळ. नऊला. सव्वानऊला. दर वेळी दार उघडलं की माझा गारवा बाहेर, आणि मास्तरांना सांगणार कोण? अकरापर्यंत मागचे काकडीचे काप गोठून कडक झाले, पण अननसाची एक वाटी धरेल तर शपथ. मास्तर स्टुलावर बसले.

साडेबाराला सगळे आले. लेक जेवणाचे डबे घेऊन, मुलगा गावाहून परस्पर, आणि लेकीची मुलगी, जिला घरात भिंगरी म्हणतात. ही भिंगरी चपला काढायच्या आधी माझ्याकडे धावली.

"आजोबा, ही जेली नाचतेय," ती म्हणाली.

झालं, तिघंही माझ्यासमोर उभी राहिली. लेकीने एक वाटी हलवली, मग दुसरी. मुलाने माझ्या कुशीवर हात ठेवला.

"केवढा तापलाय हा. कॉम्प्रेसर गेलाय," तो म्हणाला. "बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमची काही चूक नाही. फ्रिजच गेलाय."

"हो हो," लेक लगेच म्हणाली. "किती जुना झाला तो. बाकी सगळं किती छान केलंय तुम्ही."

मास्तरांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. घोटाळा माझा ठरला असता, त्यांचं घर वाचलं असतं. मी काही उदार वगैरे नाही, मला समोर भंगाराचं दुकान दिसत होतं. तरी एका क्षणाला मलाच वाटलं, मास्तर, हो म्हणून टाका.

"फ्रिजला काही झालेलं नाही," मास्तर म्हणाले. "त्याच फळीवरच्या संत्र्याच्या वाट्या बघा. दगडासारख्या धरल्यात. चूक माझी आहे."

मुलाने बहिणीकडे पाहिलं. ते पाहणं मला कळलं. त्यात कुलूप होतं आणि बांधलेलं सामान होतं.

"म्हणजे काहीतरी घालायचं विसरलात," मुलगा हळूच म्हणाला.

"विसरलो नाही. सोडलं."

लेकीने माझ्या डोक्यावरची वही घेतली. पान काढलं आणि मोठ्याने वाचलं, "अननसाच्या फोडी आणि रस दहा मिनिटं गॅसवर उकळून घ्यावा. कच्चा घातल्यास जेली धरत नाही." खाली दोन रेघा मारलेल्या होत्या. "बाबा, हे वाचलं नव्हतं का?"

"वाचलं होतं."

"मग?"

"दहा मिनिटं उकळायला गॅस लागतो," मास्तर म्हणाले. "किटलीचं उकळतं पाणी ओतून पाहिलं, म्हटलं धरली तर धरली. तेवढ्याने भागलं नाही."

"इथे कोण बघायला होतं? दहा मिनिटांचा तर प्रश्न होता. मला कळलंसुद्धा नसतं."

"तू शपथ घातली होतीस, बाळ."

लेक तिथेच स्टुलावर बसली. पदराने डोळे पुसले, वही मांडीवर घेतली आणि बराच वेळ त्या दोन रेघांवरून बोट फिरवत राहिली. मग भावाला म्हणाली, "ती खोली मुलांच्या अभ्यासाला लाव. बाबा इथेच राहतील."

"अगं पण ताई, गॅस..."

"गॅस बंदच राहील. एवढी आवडती जेली बिघडू दिली, पण शेगडी पेटवली नाही. आता आणखी काय बघायचंय तुला?"

मुलाने वाद घातला नाही. त्याने एक पातळ वाटी उचलली आणि तोंडाला लावली. भिंगरीने तीन प्यायल्या. उरलेलं लेकीने बिस्किटांच्या थरांवर ओतलं आणि सगळ्यांनी ते चमच्याने खरवडून खाल्लं. मास्तर सगळ्यांना वाढत होते आणि त्यांचं स्वतःचं ताट तसंच होतं.

त्याला आता पाच महिने झाले. माझं रबर खालून सुटलंय, दिवा कधी लागतो, कधी नाही, आणि वीज गेली की अजूनही माझी पाचावर धारण बसते. माझा काही भरवसा देता येत नाही, मास्तरांचाही नाही. तुमच्या घरातही असेल कुणीतरी जुनं, घरघरणारं. काही बिघडलं की पहिलं बोट त्याच्याकडे जातं, हे मी इतकी वर्षं पाहतोय. बोट दाखवाच, पण त्याआधी त्याच फळीवरची दुसरी वाटी तिरकी करून बघत जा, एवढंच माझं मागणं आहे.