निरोपाचे चमचे

"पण मी जात नाहीये," थेल्मा पेंगेलीने तिसऱ्यांदा सांगितलं.

"ते कळलं गं," डॉट किबल म्हणाली. डॉट म्हणजे पालक समितीची अध्यक्षीण, आणि या क्षणी तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते. "पण स्पंज केक भट्टीत गेलाय. आता तू जा नाहीतर राहा, निरोप व्हायचाच."

शाळेच्या सभागृहात पडदाही टांगून झाला होता. एक जुनी पांढरी चादर, तिच्यावर निळ्या कापडाची अक्षरं शिवलेली: 'मिसेस पेंगेली यांना निरोप'. डॉटच्या सासूने लढाईच्या दिवसांत ती शिवली, आणि तेव्हापासून टारानूक गावाने दर डिसेंबरला ती इस्त्री करून टांगली होती. नाताळच्या, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याच्या, सुट्टीआधी थेल्माला निरोप. मग फेब्रुवारीत शाळा उघडली, की पहिल्या दिवशी थेल्मा तिसरीच्या वर्गात हजर. मुलांना यात काही वावगं वाटत नसे. डिसेंबरात गहू कापतात, बाई जातात. फेब्रुवारीत पुस्तकं मिळतात, बाई येतात.

खरं कारण असं, की व्हिक्टोरिया राज्याचा कायदाच तसा होता. शिक्षिकेचं लग्न झालं की तिने राजीनामा द्यायचा. थेल्मानेही दिला होता, अर्नच्या शेजारी चर्चमध्ये उभी राहण्याच्या आदल्या आठवड्यात. पुढे लढाई आली, पुरुष मास्तर सैन्यात गेले आणि सरकारला लग्न झालेल्या बायकांची आठवण झाली. तुम्ही या, म्हणाले, पण हंगामी म्हणून. कापणीच्या मजुरासारखं. वर्ष संपलं की नाव कमी, वर्ष सुरू झालं की नाव दाखल. कोणी कायमचा मास्तर त्या जागेवर आला, तर मात्र दाखल नाही, आणि विचारायचंही नाही.

आणि यंदा, छप्पन साली, सगळं मेलबर्न ऑलिंपिकच्या शर्यती बघण्यात दंग असताना, तिथल्याच विधिमंडळाने हा कायदा मोडीत काढला. लग्न झालेली बाईसुद्धा कायम होऊ शकते. रेडिओवर ही बातमी एका पोहण्याच्या शर्यतीच्या आधी घाईघाईने सांगून टाकली. थेल्मा तेव्हा बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि त्या दिवशी बटाटे सालीसकट शिजले.

तिने अर्ज केला. आता एकच गोष्ट उरली होती. तपासनीस मॉसप साहेबांनी तिचा वर्ग बघून शेरा द्यायचा, तोही वर्ष संपायच्या आत. नाहीतर फेब्रुवारीत कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण मास्तर तिसरीवर येणार होता. त्याचं नाव ठरलंही होतं. अर्न गव्हाच्या गाडीवरून पडल्यापासून घरी बसून करवतींना धार लावायचा. घर थेल्माच्या पगारावर चालायचं. पण खरं सांगायचं, तर थेल्माला पगारापेक्षा तिसरी हवी होती. दुसरीत मुलं फार लहान, चौथीत फार शहाणी. भागाकार पहिल्यांदा कळतो तो तिसरीत, आणि तो कळतानाचा चेहरा तिला दर वर्षी बघायचा असे.

साहेब येणार आजच. आणि निरोपही आजच.

"चमचे आणलेस ना?" डॉटने विचारलं.

थेल्माने पिशवीतून डबा काढून दिला. हीसुद्धा टारानूकची रीतच. निरोपाला थेल्माला चांदीच्या मुलाम्याचा एक चमचा मिळे, दांड्यावर गव्हाची ओंबी कोरलेला. आणि चहाच्या वेळी समितीकडे चमचे कमी पडत, ते दर वर्षीच. मग थेल्माचेच मागच्या निरोपांचे चमचे मागून आणत. आपल्याच निरोपाचा चहा ती आपल्याच जुन्या निरोपांनी ढवळायची. यावर हसून हसून आता कोणाला हसूही येत नसे.

*

दहाच्या सुमारास तिसरीचा वर्ग इस्त्री केल्यासारखा बसला होता. थेल्माने फळ्यावर रेघा आखल्या होत्या. तिची टोपी नेहमीप्रमाणे पृथ्वीच्या गोलावर होती, कारण व्हरांड्यातल्या खुंट्या कायमच्या शिक्षकांच्या. त्यांच्या खुंट्यांखाली पांढऱ्या रंगात नावं. हंगामी बाईने टोपी कुठे ठेवायची, याचा विचार शिक्षण खात्याने केलेला नव्हता. भूगोलाच्या तासाला ती टोपी डोक्यावर घालूनच शिकवायची.

व्हरांड्यात बूट वाजले. पुढे हेडमास्तर हॅलोरनसरांचे हलके, मागून एक जड जोडी. चौथीच्या दारात थांबले. दुसरीच्या दारात थांबले. तिसरीच्या दारापर्यंत आले.

आणि न थांबता पुढे गेले.

"बाई," पहिल्या बाकावरची ग्वेनी लाँगमायर म्हणाली, "ते चुकले का?"

"बहुतेक," थेल्मा म्हणाली. तिच्या हातातला खडू मोडला.

थोड्या वेळाने बालवर्गाच्या ट्रास्कबाई आत आल्या. ट्रास्कबाई कधी कोणाच्या वर्गात दार वाजवल्याशिवाय येत नसत. आज आल्या.

"थेल्मा, तो सभागृहात चहाला बसलाय. सकाळी आल्याआल्याच ती चादर बघितलीन त्याने. म्हणाला, जाणाऱ्या बाईचा वर्ग कशाला बघायचा. आणि तुझं नाव खोडलंन."

"हॅलोरनसर काही बोलले नाहीत?"

"तोंड उघडलंन आणि मिटलंन. तुला माहीत आहे त्याचं. दर वर्षी तू जातेस, ही सवय त्याच्या जिभेला लागलीय."

थेल्मा खुर्चीवर बसली. मनात अगदी वाईट विचार आला, की बरंच झालं, निदान परीक्षा तरी टळली.

ट्रास्कबाईंनी तो विचार तिच्या चेहऱ्यावर वाचला असावा. त्या जवळ आल्या आणि मुलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "ऐक. मी तरुण होते तेव्हा स्टेशनमास्तर डूनन लग्नाचं विचारायला माझ्या दारात उभा होता, हातात टोपी घेऊन. मला त्याला हो म्हणायचं होतं आणि शाळाही हवी होती. दोन्ही मिळणार नव्हतं. मी काही बोललेच नाही. तो बदली घेऊन गेला. आता दोन्ही मिळतंय, तर तू इथे बसून खडूचे तुकडे काय गोळा करतेस? ऊठ."

थेल्मा उठली.

"मुलांनो, दोघादोघांची रांग करा. आजचा भागाकार आपण सभागृहात करणार आहोत."

"केकजवळ?" मागून कोणीतरी विचारलं.

"अगदी केकजवळ."

*

सभागृहात हॅलोरनसर, थेल्मा यायची वाट न बघताच, भाषणाला उभे राहिले होते. कागद तोच, घड्याही त्याच.

"आज आपण जड अंतःकरणाने," त्यांनी सुरुवात केली.

"अशा एका शिक्षिकेला," मागच्या खुर्च्यांवरच्या दोन आया त्यांच्याबरोबर पुटपुटल्या, कारण भाषण अख्ख्या गावाला पाठ होतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि तिसरीचा वर्ग आत आला. पुढे थेल्मा. मॉसप साहेब चहाच्या बंबाशेजारी बसले होते, मांडीवर वही, गुडघ्यावर टोपी. माणूस उंच, चेहरा आंबलेल्या दुधासारखा.

"सर," थेल्मा म्हणाली, "यंदा नको."

हॅलोरनसर थांबले. या भाषणात थांबायची जागा नव्हती, म्हणून ते फार गोंधळले.

थेल्माने डॉटपुढचा ट्रे उचलला आणि चमचे टेबलावर ओतले. केवढा आवाज झाला. मुलं भोवती गोळा झाली. आणि एकदा मुलं गोळा झाली, की थेल्माला कशाचीच भीती वाटत नसे.

"सभागृहात टेबलं किती?"

"चार."

"चमचे तेरा. सगळ्या टेबलांना सारखे द्यायचे. रॉनल्ड, तू सुरू कर. नाही, मूठभर नाही. एकेक करून, म्हणजे भांडण होत नाही."

मुलं चमचे वाटत फिरू लागली. एक याला, एक त्याला. आया कप मागे घेऊन जागा करून देत होत्या. एका आजोबांनी आपल्या टेबलाला दोनच आले म्हणून तक्रार केली, तेव्हा पॅट्सी नावाच्या चिमुरडीने त्यांना "फेरी अजून संपली नाही" म्हणून गप्प केलं. थेल्मा मध्ये उभी होती. ती कोणालाच उत्तर सांगत नव्हती. नुसतं विचारत होती, मग काय झालं, मग आता काय, आणि एकेका चेहऱ्यावर तो उजेड पडत होता, ज्याच्यासाठी तिला तिसरी हवी होती.

"प्रत्येकाला तीन," रॉनल्ड म्हणाला. "आणि एक उरला."

मॉसप साहेब पुढे झुकले होते. त्यांची टोपी गुडघ्यावरून खाली पडली होती आणि त्यांनी ती उचलली नव्हती.

"तू," त्यांनी ग्वेनीकडे बोट केलं. "हे चमचे आले कुठून?"

"बाई दर वर्षी जातात ना, साहेब. गेल्या की एक मिळतो."

"आणि परत कधी येतात?"

"फेब्रुवारीत."

"दर वर्षी?"

"हो. म्हणजे मधे कोणी दुसरं येतच नाही, साहेब. त्याच जातात आणि त्याच येतात."

कोणीतरी खोकल्याआड हसलं. साहेब हसले नाहीत.

"आणि हा जो एक उरला, त्याचं काय करायचं?"

ग्वेनीने चमचा हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाली, "बाकी कधी टाकून द्यायची नसते, असं बाई सांगतात. कोणात बसली नाही, तरी ती असतेच. ती शेजारी नीट लिहायची, नाहीतर सगळं गणित चूक."

तिने तो चमचा टेबलाच्या कडेला वेगळा ठेवला.

मॉसप साहेबांनी वही उघडली. "मिसेस पेंगेली, मला एक नीट सांगा. तुम्ही जाताय की राहताय?"

"राहतेय, साहेब," थेल्मा म्हणाली. "गेली तेरा वर्षं राहतेच आहे."

"मग ही चादर कशासाठी?"

"सवय, साहेब," डॉट किबल ओट्यामागून म्हणाली, आणि आता मात्र अख्खं सभागृह हसलं. हॅलोरनसरसुद्धा. हसता हसता त्यांनी भाषणाचा कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

साहेबांनी खोडलेल्या नावाखाली काहीतरी लिहिलं आणि टोपण लावलं. "खात्याचं पत्र यायला वेळ लागेल. खात्याला सगळ्यालाच लागतो. माझा शेरा मात्र झाला. कायम करावं." मग त्यांनी कप पुढे केला. "आता तो चमचा मिळेल का? मी मघापासून साखर ढवळायला थांबलोय."

उरलेला चमचा त्यांना मिळाला.

हॅलोरनसरांनी घसा साफ केला. "आज आपण," ते म्हणाले, आणि पुढचं काही सुचेना. "आज आपण केक खाऊ."

ते त्यांचं सर्वांत चांगलं भाषण, असं टारानूकमध्ये अजून म्हणतात. यंदाचा नवा चमचा डॉटने निळ्या डबीसकट परत घेतला. सोनाराला परत देऊन त्या पैशांत समितीला चहाची गाळणी घेईन, म्हणाली. स्पंज केक मात्र कोणी परत घेतला नाही.

*

शाळा सुटल्यावर अर्न फाटकाशी उभा होता, ढकलगाडी घेऊन. दर डिसेंबरला थेल्माचा सगळा संसार याच गाडीतून घरी जायचा: चित्रं, कुंड्या, किटली, चपला, सागरगोट्यांची पिशवी.

"काय गं, सामान कुठाय?"

"वर्गात."

"आणू का जाऊन?"

"नको. तिथेच राहू दे."

अर्नने गाडीचा दांडा खाली ठेवला. पाठ दुखत असली तरी तो जरा सरळ झाला. "मग मी हे धूड एवढ्या उन्हातून कशाला ढकलत आणलं?"

"सवय," थेल्मा म्हणाली, "आलेच मी."

व्हरांडा रिकामा होता. ट्रास्कबाई खुंट्यांपाशी उभ्या होत्या. त्यांच्या नावाशेजारची खुंटी कित्येक वर्षं मोकळी, बिननावाचीच होती. तिच्याखाली त्यांनी खडूने 'पेंगेली' असं लिहिलं होतं, बालवर्गाच्या फळ्यावर लिहितात तसं, मोठं आणि गोल.

"रंगारी फेब्रुवारीत येईल," त्या म्हणाल्या. "तोवर पुसू देऊ नकोस कोणाला."

"स्टेशनमास्तर डूनन हल्ली कुठे असतात?"

"बॅलराटला. नातवंडं आहेत त्याला." ट्रास्कबाईंनी आपली टोपी खुंटीवरून काढून डोक्यावर घातली, पिन खोचली. "चेहरा छान होता गं त्याचा." आणि त्या खाली उतरून गेल्या, पाठ ताठ, रोजच्यासारख्या.

थेल्माने वर्गातून टोपी आणली. गोल रिकामा झाला आणि वरचा ध्रुव दिसला, धुळीशिवाय लख्ख. तिने टोपी नव्या खुंटीवर टांगली. जरा तिरकी बसली, ती सरळ केली. मग बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

"अगं, टोपी राहिली," अर्न म्हणाला. "डोकं भाजेल."

"भाजू दे."

दोघं गव्हाच्या कोठाराच्या रस्त्याने घरी निघाली, तो रिकामी गाडी ढकलत, ती उघड्या डोक्याने. मागे शाळेला कुलूप लागलं. त्या सबंध उन्हाळाभर, बंद व्हरांड्यात, तिची टोपी तिथेच होती.